भिंतीतले गोचीड

नाकातून रक्त येणारा कुत्रा दवाखान्यात आला की माझा पहिला प्रश्न मार लागला का, हा असतो आणि दुसरा गोचिडांविषयीचा. मे महिन्यात कऱ्हाडजवळच्या एका गावातून निवृत्त शिक्षक असलेले एक गुरुजी आपल्या चार वर्षांच्या कारवान कुत्र्याला, शेरूला, घेऊन आले तेव्हा या दुसऱ्या प्रश्नाला त्यांच्याकडे ठाम उत्तर होते. ते म्हणाले, "मॅडम, अंगावर एक गोचीड दाखवा. आमची आई रोज दुपारी त्याला मांडीशी घेऊन एकेक वेचून काढते."

त्यांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे निघाले. कारवान कुत्र्याची केसाळी इतकी आखूड असते की अंगावर काही असेल तर ते लपत नाही. तरीही गोचीड जिथे हमखास बसतात त्या सगळ्या जागा मी पाहिल्या, म्हणजे कानाच्या आतल्या घड्या, पायाच्या बोटांची बेचकी, गळपट्ट्याखालची कातडी, काख, जांघ आणि शेपटीचे मूळ. उजव्या कानात खोलवर दोन लहान गोचीड मिळाले, एवढेच. मात्र हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या, पोटाच्या कातडीवर लालजांभळे ठिपके उठले होते, प्लीहा हाताला वाढलेली लागत होती आणि ताप १०४ अंश फॅरनहाइट होता. निरोगी कुत्र्याच्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारण दोन ते पाच लाख प्लेटलेट्स असतात. शेरूच्या रक्तात त्या चौदा हजार भरल्या. रक्ताच्या काचपट्टीवर बबेसिया हा गोचिडांमुळेच होणारा रक्तातला परजीवी दिसला नाही, पण एर्लिकियाची चाचणी स्पष्टपणे होकारार्थी आली.

एर्लिकिया कॅनिस हा कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत राहणारा जिवाणू आहे. १९३५ साली अल्जेरियात त्याची प्रथम नोंद झाली आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैन्याचे शेकडो कुत्रे नाकातून रक्त येऊन याच आजाराने दगावले, तेव्हा जगभरच्या पशुवैद्यांनी त्याच्याकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली. गोचीड चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांत ताप येतो, कुत्रा खाणे सोडतो आणि पुष्कळदा उपचाराशिवायही बरा झाल्यासारखा दिसतो. इथेच घरची माणसे निर्धास्त होतात. जिवाणू मात्र महिनोन् महिने, कधी काही वर्षेही, शरीरात दडून राहतो आणि पुढे काही कुत्र्यांत रक्त तयार करणारी अस्थिमज्जाच मंदावते. दिवाळीच्या सुमारास शेरूला चार-पाच दिवस ताप येऊन गेला होता, असे गुरुजींना माझ्या प्रश्नावरून आठवले.

डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केले. हे औषध किमान अठ्ठावीस दिवस द्यावे लागते, रिकाम्या पोटी देऊ नये आणि गोळीनंतर थोडे पाणी पोटात जाईल असे पाहावे, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. शेरूला शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवून नाकाच्या वरच्या बाजूला बर्फाची पिशवी धरली. दुपारपर्यंत रक्त थांबले. माझे मन मात्र गुरुजींच्या पहिल्या वाक्यातच अडकून पडले होते. आजी रोज गोचीड काढत होत्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायला गोचीड मिळत होते, तर ते येत कुठून होते? म्हशींच्या गोठ्यातून येतात, असे गुरुजींचे मत होते. दवाखान्यातली गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्याबरोबर घरी गेले.

गोठा आधी पाहिला. म्हशींच्या कासेजवळ गोचीड होते, पण ते निराळ्या जातीचे होते. कुत्र्याचा तपकिरी गोचीड अंड्यातून निघाल्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत तीनदा रक्त पितो आणि तिन्ही वेळा त्याला शक्यतो कुत्राच हवा असतो. पहिल्या दोन वेळी तो पोट भरल्यावर अंगावरून खाली पडतो, जवळच्या फटीत शिरतो, कात टाकतो आणि पुन्हा कुत्र्याची वाट पाहत बसतो. पोट रिकामे असतानाही तो कित्येक महिने तग धरू शकतो. गोचिडांच्या बहुतेक जातींना रानातला ओलावा लागतो, पण ही जात कोरड्या घरातही आपले सारे आयुष्य काढू शकते. म्हणून मी गोठ्यातून निघून शेरू जिथे झोपत असे त्या सोप्यावर आले.

घर जुने, दगडमातीचे, कौलारू. सोप्याच्या कोपऱ्यात शेरूचे पोते अंथरलेले होते आणि त्याच्या मागच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा जागोजागी सुटला होता. मोबाइलचा उजेड मी चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत टाकला आणि काही क्षण बोलूच शकले नाही. फटीच्या तळापासून हात पोहोचेल त्याच्याही वरपर्यंत गोचीड बसले होते. रक्त पिऊन फुगलेल्या राखाडी माद्या एरंडाच्या बियांसारख्या एकीला एक लागून होत्या आणि त्यांच्याजवळ गडद तपकिरी अंड्यांचे ढीग होते. भिंतीवरचे कॅलेंडर उचलले तर त्याच्या मागे डोळ्यांना जेमतेम दिसतील अशी सहा पायांची पिल्ले सरकत होती. या गोचिडाची ओढ वर चढण्याकडे असते, त्यामुळे तुळईच्या सांध्यांतही ते होते. शेरूच्या कानात सापडलेले दोन गोचीड आणि या भिंतीतले गोचीड यांचे प्रमाण पाहिल्यावर कुत्र्याच्या अंगावरून घरातल्या गोचिडांचा अंदाज बांधणे किती फसवे असते, हे गुरुजींना मी सांगण्याची गरजच उरली नाही.

मग आजींना विचारले, काढलेले गोचीड त्या कुठे टाकतात. आजी माळकरी; त्यांच्या हातून जीव मारला जात नसे. त्या नखाने गोचीड उपटत आणि सोप्याच्या कडेवरून अंगणात टाकत. पोट भरलेल्या मादीला कुत्र्याची गरजच संपलेली असते. ती खाली पडल्यावर चालत फटीत जाते आणि एकदाच, पण चार हजारांपर्यंत अंडी घालून मरते. आजींनी टाकलेल्या माद्या पाच-दहा पावलांवरच्या जोत्याच्या सांदीत शिरत असणार, यात मला शंका नव्हती. हे मी जपून सांगितले, तरी आजींच्या ते एका क्षणात लक्षात आले. "म्हंजे मीच पेरलं व्हय गं?" त्या म्हणाल्या. मी म्हटले, "आजी, तुम्ही काढले नसते तर ते सगळे आपणहून खाली पडलेच असते आणि शेरूचे रक्तही जास्त गेले असते. तुमचे काढणे थांबवायचे नाही. काढलेला गोचीड फक्त अंगणात न टाकता बाटलीत टाकायचा." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "काढीन मी. बाटलीत टाकायचं काम याचं." त्यांनी गुरुजींकडे बोट केले आणि गुरुजींनी मान डोलावली. कामाची ही वाटणी मला फार योग्य वाटली.

त्याच सोप्यावर बसून मी शेरूच्या कानातला एक गोचीड काढून दाखवला. सूनबाईंच्या डबीतला भुवयांचा टोकदार चिमटा घेतला, गोचिडाचे फुगलेले पोट न दाबता अगदी कातडीलगत त्याला पकडले आणि न पिरगळता, हिसका न देता, एकसारख्या ताणाने सरळ वर ओढले. पोट दाबले तर त्याच्या आतला स्राव जखमेत उतरू शकतो. रॉकेल लावणे, उदबत्तीचा चटका देणे, चुना किंवा तेल थापणे हे उपाय मी घरोघरी ऐकते आणि ते सगळे थांबायला हवेत असे मला कळकळीने वाटते. त्यांनी डिवचला गेलेला गोचीड सुटण्याआधी जखमेत जास्त लाळ सोडू शकतो, कुत्र्याची कातडी भाजते आणि रॉकेल तो चाटतो. "डोके आत राहिले" म्हणून लोक घाबरतात. आत राहतो तो तोंडाचा तुकडा किंवा गोचिडाने स्वतःला चिकटवण्यासाठी सोडलेला घट्ट स्राव असतो. सुईने कोरत बसू नये. काही दिवस बारीक गाठ राहते आणि मग कातडी तो तुकडा स्वतःच बाहेर टाकते. काढलेला गोचीड झाकणाच्या बाटलीत, स्पिरिटमध्ये टाकावा. साध्या पाण्यात तो मरत नाही. चावलेल्या जागी जंतुनाशक लावावे आणि हात साबणाने धुवावेत.

नखांबद्दल आजींना वेगळे सांगावे लागले. नखाखाली गोचीड चिरडला तर त्यातले जंतू बोटावरच्या चिरेतून किंवा डोळे चोळल्याने माणसाच्या शरीरात जाऊ शकतात. हा गोचीड माणसाला क्वचितच चावतो, पण चावला तर रिकेट्सिया या जिवाणूचा ताप देऊ शकतो, आणि आपल्या भागात असे रुग्ण आढळतात. घरात सहा वर्षांची नात होती. कोणालाही ताप आणि अंगावर पुरळ आले तर डॉक्टरांना घरातल्या गोचिडांविषयी आपणहून सांगा, असे मी सूनबाईंना दोनदा बजावले, कारण हे सांगितले नाही तर डॉक्टरांच्या मनात तो आजार लवकर येत नाही.

तेवढ्यात गुरुजींचा मुलगा जनावरांच्या गोचिडांवरची अमित्राझची बाटली घेऊन आला. तो ती अंदाजाने बादलीत ओतून शेरूला आंघोळ घालणार होता. मी त्याचा हात धरलाच. अमित्राझ कुत्र्यांसाठी वापरले जाते, पण मोजून, पातळ करून आणि प्रकृती पाहून. जास्त झाले तर कुत्रा सुस्तावतो आणि हृदयाचे ठोके मंदावतात. रक्त कमी झालेल्या, तापलेल्या शेरूसाठी ते मला नको होते. पिकांवर फवारायची कीटकनाशके अंगावर ओतल्यामुळे तोंडाला फेस आणि अंगाला कंप सुटलेले कुत्रे माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात आणि ते सगळेच वाचत नाहीत. या घरात मांजरही होते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि ते मांजरासाठी प्राणघातक ठरू शकते.

शेरूचे वजन करून मी त्याला फ्लुरालॅनर या गोचीडनाशक औषधाची गोळी दिली. या गटातली औषधे कुत्र्याच्या रक्तात राहतात, त्यामुळे चावलेला गोचीड मरतो. फिट येणाऱ्या कुत्र्याला मात्र ती विचारपूर्वकच द्यावी लागतात. शेरूला आता गोठ्यात बांधावे, असे घरच्यांना वाटत होते. मी उलट सांगितले की गोळीचा परिणाम आहे तोवर त्याला याच सोप्यावर झोपू द्यावे, म्हणजे भिंतीतून रक्तासाठी उतरणारे गोचीड त्याला चावतील आणि मरतील. कुत्रा हलवला असता तर ते फटीत महिनोन् महिने उपाशी वाट पाहत राहिले असते, किंवा माणसाकडे वळले असते.

शेजारच्या खोलीतल्या तीन महिन्यांच्या कुत्र्याच्या पिल्लासाठी एवढे पुरेसे नव्हते. एर्लिकिया एका कुत्र्यातून दुसऱ्यात थेट जात नाही आणि गोचिडाच्या अंड्यांतूनही उतरत नाही. आजारी कुत्र्याचे रक्त प्यालेले गोचिडाचे पिल्लू कात टाकून मोठे झाल्यावर पुढच्या कुत्र्याला तो देते, म्हणजे त्या भिंतीत शेरूकडूनच जिवाणू घेतलेले गोचीड बसले होते. चावल्यानंतर काही तासांतच हा संसर्ग होऊ शकतो आणि गोळीने गोचीड मरायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणून पिल्लाच्या गळ्यात फ्लुमेथ्रिनचा औषधी पट्टा घातला, जो गोचिडाला चावण्याआधीच दूर ठेवतो, सात-आठ महिने टिकतो आणि ज्याच्यामुळे मांजरालाही धोका नसतो. कडुलिंबाचा पाला अंथरला तर चालेल का, असे आजींनी विचारले. हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका, असे मी म्हटले.

घराचे काम सर्वांत जिकिरीचे होते. पोते जाळले, अंथरुणे उकळत्या पाण्यात धुतली, सुटलेला गिलावा खरवडून फटी सिमेंटने बुजवल्या आणि उरलेल्या सांध्यांत फवारणी करणाऱ्या जाणकाराकडून डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक मारून घेतले. ते वाळेपर्यंत मांजर, नात आणि पाण्याची भांडी शेजारी हलवली होती. फवाऱ्याने अंडी मरत नाहीत, त्यामुळे नवी पिल्ले निघाली की दर दोन-तीन आठवड्यांनी फवारणी पुन्हा करावी लागते, आणि एका पिढीला अंड्यापासून अंड्यापर्यंत उन्हाळ्यात दोन महिन्यांहून थोडा जास्त काळ पुरतो. हे मी आधीच सांगून ठेवले होते, नाहीतर पहिल्या फवारणीनंतर पुन्हा गोचीड दिसल्यावर लोक औषधाला नावे ठेवतात आणि सोडून देतात.

दुसऱ्या आठवड्यात शेरूच्या प्लेटलेट्स नव्वद हजारांवर गेल्या, औषध संपताना दोन लाख झाल्या आणि हिरड्यांवर गुलाबी रंग आला. पिल्लाची चाचणी दोन्ही वेळा नकारार्थी आली. दुसरी चाचणी मी मुद्दाम महिन्याने केली, कारण संसर्गानंतर प्रतिद्रव्ये तयार व्हायला काही आठवडे लागतात. भिंतीत गोचीड दिसेनासे व्हायला ऑगस्ट उजाडला. गल्लीतली दोन मोकाट कुत्री मात्र पावसाच्या रात्री त्याच सोप्यावर येऊन झोपतात आणि त्यांना हाकलायला आजी तयार नाहीत. म्हणून आता गुरुजी त्या दोघांच्याही गोळ्यांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतात आणि भाकरीच्या तुकड्यात घालून त्या स्वतःच्या हाताने देतात.