पिवळ्या रकान्यातलं नागपूर

एका क्रीडा लीगमधला संघ विकत घ्यायची फाइल आमच्या फोर्टच्या ऑफिसात आली शुक्रवारी सकाळी, आणि ऑफर द्यायची होती सोमवारी. लीगचं आणि संघाचं नाव सांगता येणार नाही. घेणारे शेठ बांधकाम व्यवसायातले. त्यांच्या माणसाने केलेल्या एक्सेल शीटमध्ये एक पिवळा रकाना होता: ‘दुसऱ्या वर्षापासून नागपूर’, म्हणजे संघ तिकडे हलवायचा. तेवढ्यावर मुंबईच्या त्या संघाची किंमत दीडपट झाली होती.

आधी उत्पन्न सुटं केलं. फ्रँचायझीला, म्हणजे लीगमधल्या अशा संघाला, पैसा तीन वाटांनी येतो: लीगच्या केंद्रीय पुलातला वाटा (प्रक्षेपण हक्कांसारखं लीगचं सामाईक उत्पन्न), संघाचे स्वतःचे प्रायोजक आणि गेट, म्हणजे तिकीटविक्री. वजन पहिल्याचं. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले, तिथल्या संघांच्या किमती त्यावर उभ्या आहेत. संघ कुठल्या गावात खेळतो, याचा या वाट्याशी संबंध नाही. २०१६ मध्ये दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. मुंबई इंडियन्सने उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला खेळले. टीव्हीवर सामने तेवढेच दिसले. बुडालं ते इथलं गेट.

म्हणजे नागपूरने हलणार होत्या त्या उरलेल्या दोन लहान वाटा. त्यातलं गेट शीटमध्ये करासकट धरलेलं. आयपीएलच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. १४०० रुपयांच्या तिकिटातले ४०० आपले नव्हेतच. आमच्या लीगचा दर वेगळा होता, चूक तीच. शिवाय प्रत्येक खुर्ची विकली गेली असं गृहीत. संघटना, पोलीस, महापालिका, प्रायोजक यांचे पास आधी सुटतात, मग विक्री सुरू होते. मैदानाचं भाडं आणि पोलीस बंदोबस्ताचे पैसेही धरले नव्हते.

“स्टेडियम आपलंच ना?” शेठनी विचारलं.

नाही, भाड्याचं. आपल्याकडे बहुतेक मैदानं राज्य संघटनांची, सरकारची नाहीतर पालिकेची. संघ विकत घेणाऱ्याच्या हाती येतो तो लीगशी झालेला करार, ट्रेडमार्क, खेळाडूंचे चालू करार आणि लीगला द्यायचे उरलेले हप्ते. हे हप्ते शीटमध्ये कुठेच नव्हते, आणि मला खरा राग त्याचाच आला.

दुपारी मूळ करार उघडला. घरचं शहर बदलायला लीगची लेखी परवानगी, आणि नकाराला कारण द्यायचं बंधन नाही. जर्सीवरचा प्रायोजक मुंबईचा; शहर बदललं की त्याला करार मोडायची मुभा. नावात ‘मुंबई’, म्हणजे नाव नवं आणि बोधचिन्हाची नोंदणीही नवी. हलणं अशक्य नाही: २०१९ मध्ये दिल्ली डायनामोज हा फुटबॉल संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. पण नाव मागेच राहिलं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा मालक १९९६ मध्ये संघ बाल्टिमोरला घेऊन गेला, तेव्हा नाव, रंग आणि जुने विक्रम शहराने ठेवून घेतले.

साडेपाचला शेवटचं परिशिष्ट हाती आलं: बँक गॅरंटी, म्हणजे संघाने लीगचे पैसे थकवले तर बँक भरेल ही हमी. मुदत संपायला एकोणीस दिवस. कराराप्रमाणे नवी गॅरंटी त्याआधी पंधरा दिवस जमा व्हायला हवी, म्हणजे हाती चारच दिवस. विकणारा समजत होता घेणारा देईल, शेठ समजत होते विकणारा. मालकी बदलायला लीगची संमती मिळेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याचीच, आणि त्याच्या बँकेला नूतनीकरणासाठी वाढीव ठेव हवी होती. हा कागद किरकोळ वाटतो. आयपीएलमधला कोचीचा संघ २०१० मध्ये ३३ कोटी ३३ लाख डॉलरच्या बोलीने आला आणि गॅरंटी न दिल्यामुळे २०११ मध्ये बाद झाला.

गॅरंटी विकणाऱ्याने आधी भरायची, पहिला हप्ता त्यानंतरच द्यायचा, आणि उरलेले हप्ते किमतीतून वजा, असा मसुदा रात्री दहाला निघाला. नागपूरचा रकाना शेठनी स्वतः माऊस हातात घेऊन काढला. डिलीट नाही केला, हाईड केला.