वासी उत्तरायण

१५ जानेवारी, रात्री साडेनऊ

आज वासी उत्तरायण, पतंगांचा दुसरा दिवस, पण अगाशीवर जावंसंच वाटलं नाही. खाली बसून सगळ्या दांडिया बाजाराची पतंग कापल्यावरची ‘काप्यो छे’ ही आरोळी ऐकली. काल मात्र उजाडायच्या आधीपासून वर होतो. मी ऊस सोलायला, चिरंजीव फिरकी धरायला आणि नातू आम्हा दोघांना हुकूम सोडायला.

ही वाटणी त्याचीच. मुलाचा आणि सुनेचा घटस्फोट संमतीने झाला, दोन वर्षं झाली. कागदात सगळं आहे: शाळेचे दिवस आईकडे, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी इकडे, दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी. दोन वकील लागले, सहा महिने थांबलो, आणि बडोद्यात राहून उत्तरायण लिहायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही! डिसेंबरात त्यावरून फोनवर जुंपली. हा म्हणे, पतंग त्याला मी शिकवलाय. ती म्हणे, गेल्या वर्षी तुमच्याकडेच होता. नातू शेजारीच गृहपाठ करत होता. वहीतून मान वर न काढता म्हणाला, “चौदाला इकडे, वासीला तिकडे. दोन दिवस असतातच ना.”

मुलगा त्याच्याकडे बघतच राहिला. केवढा समजूतदार, असं नंतर ज्याला त्याला सांगत सुटला. माझ्या मात्र पोटात कालवलं. नऊ वर्षांच्या पोराला तंटा मिटवायची इतकी सवय?

परवा रात्री पतंगांना किन्ना, म्हणजे मांजा जोडायचा दोरा, बांधायला बसलो. वीस पतंग होते. त्याने दहा-दहाच्या दोन थप्प्या लावल्या. रंग बघून लावल्या, म्हणजे लाल इकडे तीन तर तिकडेही तीन. दोन पतंग फाटके निघाले. त्यांना गुंदरपट्टी लावली आणि तेसुद्धा एक इकडे, एक तिकडे. “अरे, फाटके दोन्ही इथेच ठेव, मी उडवीन,” म्हटलं, तर म्हणाला, “नको, मग सारखं नाही होणार.”

इकडे, तिकडे. ‘घर’ हा शब्द त्याच्या तोंडून कधीपासून गेला ते आठवत बसले. आठवत नाही.

हे असते तर काय म्हणाले असते? सयाजीरावांनी बडोदा संस्थानात १९३१ सालीच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, साऱ्या देशाला तो १९५५ साली मिळाला, हे ते प्रत्येक पाहुण्याला छाती फुगवून सांगायचे. मीही मान डोलवायची. तो कायदा दुसऱ्यांच्या लेकी-सुनांसाठी, अशीच आपली समजूत!

आमच्या चिरंजिवांनी तर कायद्याचं पुस्तकच उघडलं होतं. १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक आधी बाप, त्याच्या ‘नंतर’ आई. पाच वर्षांच्या आतलं मूल सहसा आईपाशी, आणि नातवाला तर तेव्हा सात पूर्ण. वकिलांनी त्याला शांतपणे सांगितलं की ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, सुप्रीम कोर्टाने ते १९९९ सालीच स्पष्ट केलंय. आणि ताबा ठरतो तो मुलाचं हित बघून. मूल समजतं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते. हे ऐकून मुलगा लगेच म्हणाला, मग विचारा त्याला. सून म्हणाली, “कोण हवं म्हणून त्याला विचारायचं नाही. हवं तर मी दोन शनिवार जास्त देते.” मुलाची आई आहे मी, तरी त्या दिवशी ती बरोबर होती.

आणि मी? समुपदेशक बाईंनी बजावलं होतं की मुलाला निरोप्या करू नका. निरोप मी धाडत नाही, चौकशी करते. शनिवारी आला की दप्तर उतरवायच्या आत सुरू: मम्मी किती वाजता येते रे, स्वयंपाक कोण करतं, कोण येतं-जातं? सगळ्याला एकच उत्तर, “माहीत नाही.” आधी वाटायचं विसराळू आहे. पाढे तीसपर्यंत पाठ असलेलं पोर विसराळू कसं असेल?

सकाळी त्याला न्यायला ती खालीच थांबली. तिळगुळाचा डबा त्याच्या हाती वर पाठवला. मी खिडकीतून म्हटलं, “वर ये ना.” “उशीर होतोय, आई,” म्हणाली. अजून आईच म्हणते. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं, तिला बोलवायचं की नाही ते ठरत नाहीये. बोलावलं तर बाकीच्या बायका बघत बसतील, आणि नाही बोलावलं तर मला डबा परत करायला निमित्त उरत नाही.

आठ वाजता नातवाचा फोन. दिवसभर ओरडून आवाज बसलेला. आज काही विचारायचं नाही असं ठरवून फोन उचलला होता. दोन मिनिटं निभावलं. मग विचारलंच, “उंधियू घरी केलं होतं की बाहेरून आणलं?”

“माहीत नाही.”

मग जरा थांबून, “आजी, तिथे माझे चार पतंग उरलेत ना? पलंगाखाली ठेव. इथे पण चारच उरलेत.”

वाकून बघितलं. तीनच आहेत. चौथा काल शेजारच्या पोराला मीच देऊन टाकला होता.