जुन्या इंजिनात ग्रॅम नेमके कुठून काढायचे

जुन्या गाडीचं इंजिन उघडलं की पहिला मोह होतो तो फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाला फिरणारं जड चाक, लेथवर चढवायचा, कारण एकाच भागातून किलो-दोन किलो निघतात. पण इंजिन वरच्या आरपीएमला टिकवायचं असेल, तर हिशोब पिस्टनच्या टोकापासून सुरू होतो आणि तो ग्रॅममध्ये असतो.

80 मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), 140 मिमी लांबीचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याशी जोडणारा) आणि 6000 आरपीएम धरा. पिस्टन वरच्या टोकाला पोचून मागे वळतो तेव्हा त्याच्यातले दर 10 ग्रॅम रॉडला सुमारे 20 किलोच्या जोराने वर ओढतात. 3000 आरपीएमला हाच ओढा 5 किलोचा असतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की ओढा चौपट. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी तर पिस्टनला वरून दाबून धरायला वायूचा दाबही नसतो. सगळा ताण बिग एंडच्या, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकाच्या, टोपीवर आणि तिच्या बोल्टांवर येतो. रॉड बहुतेक वेळा इथेच दगा देतात.

कानस हातात घेण्याआधी चारही रॉडची क्रॅक टेस्ट करून घ्या. तडा गेलेला रॉड हलका करण्यात काहीच अर्थ नाही. मग वजन करा, पण नुसतं एकूण वजन पुरत नाही. बिग एंड एका टोकाला टांगा, स्मॉल एंड (पिस्टनकडचं टोक) काट्यावर टेकवा आणि रॉड अगदी आडवा, लेव्हलमध्ये ठेवा. जरा कललेला असेल तर काटा दर वेळी वेगळा आकडा दाखवतो. आता उलट करून बिग एंडचं वजन घ्या. दोन्हींची बेरीज एकूण वजनाइतकी आली तरच मोजमाप बरोबर. सगळ्यांत हलकं स्मॉल एंड आणि सगळ्यांत हलकं बिग एंड शोधा, बाकीचे त्या आकड्यांवर आणा. एका ग्रॅमच्या आत आले तर उत्तम.

धातू काढायची जागा म्हणजे स्मॉल एंडच्या माथ्यावरचा आणि टोपीच्या बुडाचा उंचवटा. तो बॅलन्सिंगसाठीच ठेवलेला असतो. रॉडच्या दोन्ही कडांवर घडाईची जी खरखरीत रेघ उठलेली असते, तीही काढा. बोटाने चाचपलं तरी ती लागते, आणि तडा सुरू व्हायला तेवढं कारण पुरतं. घासायचं ते रॉडच्या लांबीच्या दिशेनेच. आडवा ओरखडा राहिला तर रॉड तिथून तुटू शकतो. बोल्टचं डोकं जिथे बसतं त्या कोपऱ्याला हात लावायचा नाही. तिथली गोलाई हलली की ताण तिथेच एकवटतो. पॉलिशनंतर शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग मजबूत करणं) करून घेतलं तर चांगलंच, फक्त दोन्ही बोअर, म्हणजे टोकांची भोकं, झाकून. बोल्ट नवेच घाला आणि ते पूर्ण टॉर्कला आवळून बिग एंडचा गोलपणा पुन्हा मोजा. बोल्ट बदलले की बोअर किंचित लंबगोल होऊ शकतो.

पिस्टनमध्ये हात आवरता घ्यावा. स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भिंतीच्या) आतली खालची कड आणि पिन बसते त्या जाड भागाच्या, म्हणजे बॉसच्या, बाजू इथून थोडं काढता येतं. माथ्याच्या खालून आणि रिंगच्या खाचांमागून काहीच काढू नका. माथ्यावरची उष्णता त्याच वाटेने रिंगांकडे जाते, ती वाट अरुंद झाली की माथा तापतो. पिस्टन आणि रॉड जोडणारी गजन पिन आतून दोन्ही टोकांना निमुळती करता येते, कारण वाकवणारा ताण मधोमध जास्त असतो. पिन कडक केलेली असते, त्यामुळे हे काम ग्राइंडिंगचं आहे. फार पातळ केली तर ती दाबाखाली चपटी होते आणि बॉसला तडे जातात.

हे सगळं चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाबद्दल. बहुतेक व्ही-8 मध्ये क्रँकची वजनं पिस्टन-रॉडच्या वजनाशी जुळवलेली असतात. तिथे पिस्टन हलके केले तर क्रँकही पुन्हा बॅलन्स करावीच लागते, नाहीतर इंजिन आधीपेक्षा जास्त थरथरेल.

पुशरॉडच्या इंजिनात, म्हणजे जिथे कॅम लांब दांड्यांमार्फत व्हॉल्व्ह उघडतो तिथे, व्हॉल्व्हकडेही बघा. रॉकरचं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचं) प्रमाण 1.5 असेल तर व्हॉल्व्हच्या बाजूचा 1 ग्रॅम टॅपेटच्या (कॅमवर टेकणाऱ्या भागाच्या) बाजूच्या सव्वादोन ग्रॅमइतका भारी पडतो. म्हणून आधी स्प्रिंगची वरची टोपी हलकी, मग टॅपेट. कॅमवर फिरणारा टॅपेटचा तळ मात्र जसाच्या तसा ठेवा.

आता फ्लायव्हील. इथे वजनापेक्षा ते केंद्रापासून किती लांब आहे हे महत्त्वाचं. 130 मिमी त्रिज्येवरून काढलेला 1 किलो हा 65 मिमीवरून काढलेल्या 4 किलोंइतका परिणाम करतो. पहिल्या गिअरमध्ये एकूण रिडक्शन 14 (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 14 फेरे) आणि चाकाची त्रिज्या 280 मिमी असेल, तर कडेवरचा तो 1 किलो म्हणजे गाडीतून सुमारे 42 किलो उतरवल्यासारखं. टॉप गिअरला, रिडक्शन 4 असताना, तोच फायदा साडेतीन किलोंवर येतो. म्हणजे फरक गाडी उचलताना जाणवतो, सुसाट धावताना नाही. बदल्यात आयडलिंग खडबडीत होतं आणि चढावर क्लच सोडताना इंजिन बंद पडू लागतं.

धातू मागच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूने, कडेजवळून काढायचा. क्लच घासतो त्या पट्ट्यामागची जाडी आणि क्रँकला बसणारा मधला भाग तसाच राहू द्या. आतल्या कोपऱ्यांना 3 मिमीची तरी गोलाई हवी. बीडाचं जुनं फ्लायव्हील पातळ करून वरच्या आरपीएमला पळवणं धोक्याचं आहे. ते फुटलं तर बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं आवरण) फोडून थेट पायांपर्यंत येतं. तिथे घडीव पोलादाचंच बसवावं. शेवटी क्लच कव्हर लावूनच बॅलन्सिंग करा आणि कव्हर व फ्लायव्हील दोन्हींवर खूण करून ठेवा. पुढे क्लच प्लेट बदलताना कव्हर एक भोक पुढे-मागे बसलं, तरी केलेलं बॅलन्सिंग वाया जातं.