फोनवरची दृष्ट

शनिवार, अमावस्या. रात्री उशिरा.

अमावस्येला उद्यमनगरात सकाळचं पहिलं काम म्हणजे दाराला नवी लिंबू-मिरची. बांधणारा पोरगा मोटारसायकलवरून येतो, जुनी काढतो, नवी अडकवतो आणि हँडलला लावलेला क्यूआर कोड पुढं करतो. आमच्याकडं एक दाराला आणि एक सीएनसी मशीनला. मालक इंजिनिअर, बोलणं सगळं मायक्रॉनमध्ये. मशीनला लिंबू कशाला, असं त्यांना मी कधी विचारलं नाही. 2019 च्या दसऱ्याला फ्रान्समध्ये राफेलच्या चाकाखाली लिंबं ठेवली तेव्हा टीव्हीवर केवढी चेष्टा झाली. आमच्या शॉपमध्ये कुणी हसल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी घरी आले तर आई मोबाईलपुढं मीठ-मोहरी ओवाळत होती. भाची पुण्यात, तिच्या वाढदिवसाचे फोटो वहिनीनं स्टेटसला टाकले, आणि पोरगी रात्रभर रडली. मग व्हिडिओ कॉल. दादानं पोरीला कॅमेऱ्यापुढं धरलं, आईनं मूठ सात वेळा उतरवली, ‘आल्यागेल्याची, इडापिडा’ पुटपुटत मिरच्या तव्यावर टाकल्या. घोटाळा पुढं झाला. मिरचीचा ठसका लागला नाही तर दृष्ट मोठी, हे आईचं माप. पण धूर कोल्हापुरात आणि पोरगी पुण्यात. ‘ठसका लागला का रे तिला?’ असं आई दोनदा विचारते, आणि इकडं मी खोकून बेजार!

फोनवरनं दृष्ट निघते का, असं मी छेडलं तर म्हणाली, ‘फोनात बघूनच लागली न्हवं? मग फोनातनंच निघंल.’ याला काय उत्तर देणार? मला तरी सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर द्यावंसंही वाटलं नाही. मूठभर मीठ, दोन मिरच्या, आजीला नातीचं तोंड बघायला मिळालं.

ऑफिसातल्या मैत्रिणीचं मात्र डोक्यातून जात नाही. नवऱ्याच्या दुकानाला उतरती कळा लागली, तेव्हा तिला मोबाईलवर एका बाबाची जाहिरात दिसली. व्हॉट्सअॅपवर नवऱ्याचा फोटो, आईचं नाव, जन्मवेळ पाठवा. आधी थोडे पैसे, ‘काम’ झाल्यावर उरलेले. बाबानं पहिल्याच फोनला सांगितलं, ‘दारातली तुळस वाळलीय, घरात पांढरी गाडी आलीय, तेव्हापासून सुरू झालंय.’ ती हबकली. मी तिचं फेसबुक उघडून दाखवलं. गाडीची पूजा, हार, पेढे, मागं कुंडीत वाळकी तुळस. सगळं तिनंच टाकलेलं आणि सगळ्या जगाला खुलं. पूर्वी देवऋषाला हे कळायला गावात चार माणसं पेरावी लागायची, पारावर बसून कानोसा घ्यावा लागायचा. आता ती मेहनतही वाचली.

करणी करायची तर पूर्वी समोरच्याचं काहीतरी हाती लागावं लागे: केस, नखं, अंगावरच्या लुगड्याची चिंधी, पायाखालची माती. म्हणजे त्या घरात पाय हवा. उतारा टाकायला रात्री तिकटीवर जायला छाती लागे, आणि कुणी बघितलं तर सकाळपर्यंत पेठेत बोभाटा. ही भीती एक प्रकारचा लगाम होती, असं मला वाटतं. आता डीपी पुरतो आणि अंथरुणात पडल्या पडल्या काम होतं.

तशी साधनं प्रत्येक काळात होतीच म्हणा. इंग्लंडात बाथ गावी, रोमन काळात, लोक शिशाच्या पातळ पत्र्यावर शाप कोरायचे, गुंडाळी करून देवीच्या गरम झऱ्यात टाकायचे. असे सुमारे 130 पत्रे सापडलेत. बरेचसे चोरीच्या तक्रारीचे. माझा अंगरखा नेला, नेणारा पुरुष असो की बाई, गुलाम असो की मोकळा, त्याला झोप लागू देऊ नकोस. मी हिशेब लिहिणारी बाई, मला तो छापील अर्जच वाटला. बाबाचा मेसेज तसाच आहे, फक्त तक्रार कुणाविरुद्ध करायची ते नाव बाबा स्वतः भरून देतो.

आणि ते नाव बाईचंच असतं. ‘सासरच्या बाजूची, सावळी, डोळे घारे, तुमच्यापेक्षा वयानं थोरली.’ मैत्रिणीच्या थोरल्या जावेचे डोळे घारे आहेत. लग्नाच्या अल्बममध्ये पहिल्याच पानावर.

मी तिला जादूटोणाविरोधी कायदा वाचून दाखवला. त्यासाठी झगडणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळात कायदा झाला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड 5,000 ते 50,000. नुसती जाहिरात केली तरी गुन्हा. घरातली पूजाअर्चा, वारी, कीर्तन यांना तो हात लावत नाही, त्यामुळं आईला धास्ती नको. मैत्रीण पोलिसात जायला तयार नाही. नवऱ्याला पैशाचं कळेल म्हणते. बाबा आता ‘अर्धवट सोडलं तर उलटेल’ म्हणून रोज मेसेज टाकतो.

‘नंबर ब्लॉक केला तर उलटणार नाही ना?’ तिनं मला विचारलं. ही एम.कॉम. झालेली बाई, जीएसटीची रिटर्न्स डोळे मिटून भरते. मेसेजेसचे स्क्रीनशॉट माझ्याकडं घेतले, पैसे पाठवल्याची नोंदही घेतली, आणि तिच्याच हातानं ब्लॉक करायला लावलं.

जावेशी मात्र ती अजून बोलत नाही. बाबा खोटा हे पटलंय तिला. ‘पण डोळे घारेच निघाले की गं,’ म्हणते.