बी-275 च्या इंजिनाला पंख्याचा लोड दिला तो दिवस

मी जुन्या ट्रॅक्टरची इंजिनं बांधतो. मागच्या उन्हाळ्यात एक काका त्यांच्या वडिलांचा बी-275 घेऊन आले, म्हणजे महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर 1963 साली जी कंपनी काढली तिचा ट्रॅक्टर, 35 हॉर्सपॉवरचा. दुसऱ्या मेकॅनिककडं लायनर (ज्या नळ्यात पिस्टन वरखाली होतो तो), पिस्टन, रिंगा सगळं नवीन टाकून सहाच महिने झालेले तरी गाडी ऑइल खायची आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर. हेड उघडलं तर लायनर आरशासारखे चमकत होते, होनिंगच्या, म्हणजे आतून मुद्दाम घासून पाडलेल्या बारीक रेघा पार भरून गेलेल्या. बांधल्यावर इंजिन तासन् तास नुसतं स्लोवर चालवलेलं. लोडच नसला की रिंगेमागं गॅसचं प्रेशर येत नाही, रिंग लायनरला घट्ट बसत नाही आणि लायनर गुळगुळीत होऊन जातो.

मी परत होनिंग केलं, नव्या रिंगा घातल्या, पण यावेळी ठरवलं की लोड दिल्याशिवाय इंजिन ट्रॅक्टरवर चढवायचं नाही. लोड द्यायला पाण्याचा ब्रेक किंवा जनरेटर-हीटर आपल्या खिशाबाहेरचं, म्हणून पंखा बनवून हवेलाच कामाला लावलं. फ्लायव्हीलला कपलिंग, पुढं दोन पेडेस्टलवर (बेअरिंगच्या आधारांवर) शाफ्ट, त्यावर हब (मधला गोळा) आणि दोन हात, प्रत्येक हाताला 20 सेंटीमीटर चौरस 5 एमएमची प्लेट, मध्यापासून 50 सेंटीमीटरवर. इंजिन झुलत्या फ्रेमवर, फ्रेमला दांडा, दांड्याच्या टोकाला स्प्रिंगचा काटा, म्हणजे इंजिन फ्रेमला उलट किती ढकलतं ते किलोत दिसतं. डिझेलचा आणि सायलेन्सरचा पाइप लवचिक ठेवला, नाहीतर तोच फ्रेम धरून बसतो आणि काटा खोटं दाखवतो. दांडा मुद्दाम 716 मिलिमीटर ठेवला, मग काट्यावरचे किलो गुणिले आरपीएम भागिले 1000 केलं की हॉर्सपॉवर येते, कॅल्क्युलेटर पण लागत नाही.

पंख्याचं गणित वेगळं असतं. आरपीएम दुप्पट केले की काट्यावरचे किलो चौपट आणि हॉर्सपॉवर आठपट. पहिल्या दिवशी 900 वर साडेआठ किलो आलं, म्हणजे साडेसात-पावणेआठ हॉर्सपॉवर. 1200 वर 15 किलो, म्हणजे 18. गणित कागदाप्रमाणं जमतंय बघून सगळे खूश, काका तर म्हणाले "आता पंधराशे कर की". मी म्हणलं आधी बंद करून हात फिरवू. हेल्पर पोरगं चिंध्यांनी पंख्याचे हात पुसत होतं आणि एका वेल्डिंगपाशी चिंधीचा दोरा अडकला.

रॉकेल लावलं, पुसून कोरडं केलं, वर खडूची पूड टाकली, आणि पाच मिनिटांत पुडीवर केसाएवढी ओली रेघ उठली. चीर. मी तिथंच खाली बसलो. प्लेट दीड किलोची, पण 1500 वर ती बाहेर जवळजवळ दोन टनांनी ओढते. जाळीचा पिंजरा होता खरा आणि पंख्याच्या रेषेत कुणाला उभं राहू दिलं नव्हतं, तरी त्या जाळीनं दोन टन अडवले असते असं मी आजही म्हणणार नाही.

दोन्ही हात काढून टाकले. नवीन केला तो हबमधून आरपार जाणारी एकच अखंड पट्टी, प्लेटला चार हाय टेन्साइल बोल्ट, ओढ येते तिथं वेल्डिंग कुठंच नाही, आणि पिंजऱ्याला बाहेरून जाड पत्रा. बॅलन्स करायलाच दोन दिवस गेले. बोल्टवर रंगाची खूण मारली आणि दर अर्ध्या तासाला बंद करून बघत गेलो.

संध्याकाळी पूर्ण ॲक्सिलेटरवर इंजिन 1400 ला स्थिरावलं, काटा साडेवीस किलो. म्हणजे 28 च्या वर, आणि तेही 1875 ला 35 देणाऱ्या इंजिनाचं, मला पुरेसं वाटलं. ब्रीदरसमोर कोरा कागद धरला, तो कोराच राहिला. काकांनी कागद उजेडात धरून उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "अजून एक तास चालू दे." चालू दिलं.