ब्लॅक मेटल उजव्या हातात असतं

'ब्लॅक मेटल' ही हेवी मेटल संगीताची एक शाखा. हे नाव इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडने १९८२ साली आपल्या दुसऱ्या अल्बमला दिलं. गंमत अशी, की तो अल्बम आज नुसत्या कानाने तपासला तर ब्लॅक मेटल ठरत नाही. मोटरहेड या बँडच्या वळणाचं, जरा जास्तच गचाळ वाजवलेलं स्पीड मेटल आहे ते. नाव आणि सैतानाची भाषा तिथून आली, नाद दुसरीकडून आला. स्टॉकहोमच्या बॅथोरी या बँडचा १९८७ चा 'अंडर द साइन ऑफ द ब्लॅक मार्क' लावा. किंचाळणारा आवाज, पातळ आणि थंड गिटार, सगळ्यावर रिव्हर्बचा (घुमणाऱ्या प्रतिध्वनीचा) थर, हे सगळं तिथे आहे. पुढे १९९१ ते १९९४ या काळात नॉर्वेतल्या पाच-सहा बँडांनी त्याची नीट पद्धत बसवली. मी ब्लॅक मेटल म्हणतो ते या पद्धतीला. चेहऱ्याला फासलेला रंग, काटेरी पट्टे, उलटे क्रूस हे सगळं नंतर पाहू.

पद्धतीचं मूळ आहे उजव्या हातात. (डावखुऱ्यांनी उलट समजावं.) थ्रॅश आणि डेथ मेटल या मेटलच्या दुसऱ्या दोन शाखांमध्ये उजव्या हाताचा तळवा ब्रिजपाशी (गिटारच्या बुडाशी तारा टेकतात तिथे) तारांवर टेकलेला असतो. तार अर्धी दाबली जाते आणि 'जुग-जुग' असा तुटक ठोका निघतो. याला पाम म्यूट म्हणतात, आणि त्या दोन्ही प्रकारांची इमारत त्यावर उभी आहे. नॉर्वेच्या पद्धतीत तळवा उचललेला असतो. तारा मोकळ्या वाजतात, पिक (तार छेडायची चकती) खाली-वर अखंड चालतो आणि ठोक्याऐवजी सलग पट्टा तयार होतो. हे एकाच बँडमध्ये ऐकायचं असेल तर डार्कथ्रोन घ्या. १९९१ चा 'सोलसाइड जर्नी' स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत केलेला, चांगला वाजवलेला डेथ मेटल अल्बम आहे. १९९२ च्या 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय'मध्ये जुन्या साच्याचे काही रिफ (पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे) उरलेले आहेत. एकाच गाण्यात हात टेकतो आणि उचलतो, तो बदल दोन-तीनदा ऐकला की पुन्हा विसरत नाही. १९९४ च्या 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'मध्ये तळवा जवळपास टेकतच नाही.

डाव्या हाताकडेही बघायला हवं. नेहमीची पॉवर कॉर्ड म्हणजे फक्त सा आणि प. त्यात गंधार नसतो, म्हणून ती ना उदास ना आनंदी, नुसती भक्कम. मेहेम बँडचा युरोनिमस आणि थॉर्न्स बँडचा स्नोरे रूख यांनी पूर्ण मायनर कॉर्ड डिस्टॉर्शनमधून (आवाज मुद्दाम फाटवून) वाजवायला घेतली: सा, कोमल ग, प. नॉर्वेचा ठसा म्हणतात तो हाच. शिकणाऱ्यांची पहिली चूकही इथेच होते. जाड तारेवर सा धरून बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून) पकडली, तर सहाव्या, पाचव्या आणि चौथ्या तारेवर अनुक्रमे सा, प, वरचा सा मिळतो. कोमल ग असतो तिसऱ्या तारेवर. मेटल वाजवणाऱ्यांचा हात जाड तीन तारांनाच सरावलेला असल्यामुळे कॉर्ड बरोबर पकडलेली असते, पण गंधारापर्यंत पिक पोचतच नाही. पाचव्या तारेवर सा धरला तर कोमल ग आणखी खाली, दुसऱ्या तारेवर जातो. चार तारांवर इतक्या वेगाने पिक फिरवणं जड जातं. उपाय दोन. डाव्या हाताने पूर्ण कॉर्ड धरून उजव्या हाताने दोन-दोन तारा उचलत फिरायचं, किंवा दोन गिटार असतील तर एकीने सा-प आणि दुसरीने कोमल ग वाटून घ्यायचा.

पूर्ण मायनर कॉर्ड डिस्टॉर्शनमध्ये घाण वाजते, म्हणूनच इतर मेटलवाले ती टाळतात. कारण साधं गणित आहे. डिस्टॉर्शनमध्ये मूळ स्वरांबरोबर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही उमटतात. सा-प हे प्रमाण २:३, वजाबाकी १, म्हणजे एक सप्तक खालचा सा. त्यामुळे पॉवर कॉर्ड आणखी जाड होते. सा आणि कोमल ग यांचं शुद्ध प्रमाण १०:१२, वजाबाकी २. सा जर १० असेल तर २ म्हणजे खूप खालचा कोमल धैवत. तो कुणी वाजवलेला नसतो, तरी खाली घुमत राहतो. त्यात गिटारचे पडदे समान अंतराचे असल्याने त्यावरचा कोमल ग शुद्ध प्रमाणापेक्षा साधारण १६ सेंट (अर्ध्या स्वराचे १०० सेंट) उतरलेला असतो, आणि हा खालचा स्वरही जागेवर न बसता ढवळत राहतो. हार्मोनियमवर शास्त्रीय संगीतातल्या लोकांचा जो जुना आक्षेप आहे, तोच दोष इथे हवाहवासा होतो.

कॉर्ड बदलतातही विचित्र. एकच मायनर आकार न बदलता गळ्यावर वर-खाली सरकवायचा: ई मायनरवरून जी मायनर, तिथून बी फ्लॅट मायनर, किंवा ई मायनरवरून थेट सी मायनर. अंतरं कोमल गंधाराची, तीव्र मध्यमाची, कोमल धैवताची. सगळ्याच कॉर्ड मायनर असल्यामुळे सा नेमका कुठला हे कानाला ठरवता येत नाही, आणि जमीन सरकल्यासारखं वाटतं ते त्यामुळे.

मग वेग. लोक ब्लॅक मेटलला 'फार फास्ट' म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. १८० बीपीएमला (मिनिटाला १८० ठोके) सोळाव्या हिश्शाचे, म्हणजे ठोक्याला चार आघात धरले तर सेकंदाला १२ आघात होतात. पण कॉर्ड बहुतेक वेळा दोन बारनंतर (आठ ठोक्यांनंतर) बदलते, म्हणजे एका कॉर्डवर ३२ आघात आणि सुमारे पावणेतीन सेकंद मुक्काम. वर द्रुत, खाली विलंबित. डेथ मेटलमध्ये तेवढ्या वेळात रिफ तीनदा वळण घेतो. ड्रमही याच हिशेबाने चालतात. साध्या ब्लास्ट बीटमध्ये किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) आळीपाळीने पडतात आणि झांज किकबरोबर, म्हणजे याच वेगाला सेकंदाला ६ किक आणि ६ स्नेअर. असं दोन मिनिटं न बदलता चाललं की कान ते ताल म्हणून मोजणं सोडून देतो आणि लक्ष कॉर्डकडे वळतं. 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'चं शीर्षकगीत जवळजवळ पूर्ण एकाच ठेक्यावर आहे. चांगला ड्रमर इथे हमखास बिघडवतो: दर चार बारनंतर फिल (ठेका सोडून केलेली भर) टाकतो आणि बांधलेलं सगळं मोडतो.

घरी करून बघणाऱ्यांसाठी गिटारचे आकडे. ट्यूनिंग साधं ई, फार तर अर्धा स्वर खाली. डेथ मेटलसारखं बी किंवा सी पर्यंत उतरवलं तर मघाचा खालचा कोमल धैवत नुसता चिखल होतो. ब्रिजकडचा पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग). गेन (आवाज किती फाटवायचा ते) १० पैकी ५. इथे सगळे ९ वर जातात, मग कॉर्डमधला गंधार आवाजाच्या भुकटीत हरवतो. जाडपणा दोनदा वाजवून आणायचा, गेन वाढवून नाही. बेस ३, ट्रेबल ७. मिड ५ च्या खाली नको. मिड कापून केलेला 'व्ही' आकाराचा ईक्यू (बेस-मिड-ट्रेबलची मांडणी) खोलीत एकटं वाजवताना भारी वाटतो, पण ड्रम आले की गिटार गायब. मिक्समध्ये १२० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. तोच रिफ दोनदा स्वतंत्र वाजवून एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे ठेवा. एकदाच वाजवलेल्याची नक्कल करून दोन्हीकडे ठेवली तर रुंदी येत नाही, ती दोन वेळच्या वाजवण्यातल्या बारीक फरकाने येते. पिकचं टोक बोटांबाहेर दोन-तीन मिलिमीटरच असू द्या आणि हालचाल मनगटातून करा. कोपर ताठ झालं की मिनिटभरात हात भरून येतो आणि सोळाचे आघात तिनांच्या गटात लंगडायला लागतात. १२० बीपीएमपासून सुरू करून चार-चारने चढवलेलं बरं.

खराब रेकॉर्डिंग हीच ब्लॅक मेटलची व्याख्या, हा गैरसमज मात्र चिवट आहे. डार्कथ्रोनने 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' घरच्या चार-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डरवर केला, सगळी वाद्यं बँडमधल्या फेनरिझची आणि आवाज त्याचा जोडीदार नोक्टर्नो कुल्टोचा. बर्झुम या नॉर्वेच्या बँडच्या 'फिलोसोफेम' अल्बमसाठी गिटार घरच्या स्टीरिओच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून आणि आवाज हेडसेटच्या माइकवर घेतला गेला. या दोन गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. पण त्याच काळात एम्परर, मेहेम आणि इम्मॉर्टल या बँडांचे मोठे अल्बम नॉर्वेतल्या बर्गन शहराच्या ग्रीगहालेनमध्ये झाले. ते त्या शहराच्या फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचं सभागृह आहे, आणि रेकॉर्डिंगला बसलेला 'पिटन' पक्का जाणकार माणूस. मेहेमच्या १९९४ च्या 'दे मिस्टेरिस दोम साथानास'चे ड्रम ऐका, ते मोठे आणि स्वच्छ आहेत. दोन्ही टोकांना सारखं एकच: नाद थंड, दूरचा, आणि तळ रिकामा. लॅपटॉपवर स्वच्छ रेकॉर्ड करून वर कॅसेटची खरखर चढवणारे नेमकी चुकीची गोष्ट उचलतात. खरखर काढून टाकली तरी रिफ उभा राहिला पाहिजे.

आवाजाबद्दल थोडक्यात: गुरगुरणं नाही, किंचाळणं. घशात खाज किंवा दुखणं आलं की थांबायचं, जोर पोटातून हवा. माइकची जाळी मुठीत झाकली की वरच्या पट्टीची धार जाते आणि डेथ मेटलसारखं ऐकू येतं. मिक्समध्ये आवाज गिटारच्या मागे, दोन सेकंदांच्या आसपास रिव्हर्ब.

आता चेहऱ्याचा रंग. तो डेन्मार्कच्या किंग डायमंडकडे आणि ब्राझीलच्या सार्कोफागोकडे नॉर्वेच्या आधीपासून होता, तेव्हा व्याख्येत तो बसत नाही. जून १९९२ मध्ये जळलेलं नॉर्वेतल्या फान्टोफ्टचं लाकडी चर्च, ऑगस्ट १९९३ मध्ये युरोनिमसचा खून, त्या खुनासाठी आणि इतर चर्च जाळल्याबद्दल बर्झुमच्या वर्ग विकेर्नेसला झालेली २१ वर्षांची शिक्षा हा गुन्ह्यांचा इतिहास आहे, संगीताचा नाही. विकेर्नेसचे वंशवादी विचार उघड आहेत आणि त्याचे अल्बम विकत न घेण्याला ते पुरेसं कारण आहे. पण 'खरं' ब्लॅक मेटल म्हणजे तसंच जगायला हवं, असं सांगणाऱ्यांना रिफबद्दल दोन वाक्यं बोलायला लावा, बहुतेक अडखळतात.

वरचं मोजमाप नॉर्वेचं आहे आणि ते सगळीकडे पुरत नाही. ग्रीसच्या रॉटिंग क्राइस्टचा १९९३ चा 'दाय मायटी कॉन्ट्रॅक्ट' पाम म्यूटने भरलेला आहे, तरी तो ब्लॅक मेटल आहे यावर फारसा वाद नाही. फिनलंडच्या बेहेरिटचा नाद जाड आणि गढूळ. स्वीडनच्या डिसेक्शनमध्ये दोन गिटारींच्या जोडसुरांमुळे जुन्या हेवी मेटलचा वास येतो. मुंबईतली डिमॉनिक रिझरेक्शन कीबोर्ड आणि ब्लास्ट बीटमुळे अनेकदा या खणात टाकली जाते, पण तिचे रिफ तळवा टेकून वाजवलेले, कणा डेथ मेटलचा. मुंबईचीच सोलर डिटी मात्र सरळ या पद्धतीतली.

सगळ्यात अवघड प्रकरण कॅलिफोर्नियाच्या डेफहेवनचं. २०१३ च्या 'सनबेदर'मध्ये तळवा उचललेला आहे, ब्लास्ट बीट आहे, किंचाळणं आहे, मोकळ्या पूर्ण कॉर्ड आहेत. फक्त अनेक ठिकाणी तिसऱ्या तारेवरचा स्वर एक पडदा वर गेलाय आणि कोमल ग शुद्ध झालाय. भांडण कव्हरच्या गुलाबी रंगावरून आणि बँडमधल्या पोरांच्या कपड्यांवरून झालं, या पडद्यावरून क्वचितच. माझ्या हिशेबाने तेवढ्यानेच तो अल्बम या खणाबाहेर जातो, पण ब्लास्ट बीटवर कॉर्ड किती वेळ थांबवायची हे शिकायला तो उत्तम आहे.