हस्तलिखितापासून छापील अंकापर्यंत

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गॅदरिंग, क्रीडामहोत्सव आणि सहलींबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितो आहे ते आपल्या शाळेच्या हस्तलिखिताबद्दल, म्हणजे मुलांनी हाताने लिहून काढलेल्या अंकाबद्दल. त्यात लिहिणारी मुले पुढे कॉलेजच्या वार्षिकांकात आणि विद्यापीठाच्या वाङ्मयीन अंकात दिसू लागली. काहींची पुस्तकेही निघाली. माझ्या मते त्यांना खरे शिक्षण मिळाले ते त्या एकाच प्रतीच्या अंकातून.

फुलस्केप कागदाच्या एकाच बाजूला लिहायचे. डावीकडे दीड इंच समास सोडायचा, कारण अर्धा-पाऊण इंच शिवणीत जातो. शाई पाण्याने न फुटणारी काळीच हवी. वेंगुर्ले-मालवणच्या पावसाळी हवेत निळ्या शाईची अक्षरे दोन वर्षांत पसरतात. मुखपृष्ठ चिकटवायच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, नाहीतर झुरळे आणि कसर पुठ्ठा पोखरतात. पण महत्त्वाची पायरी याच्या आधीची. कच्चा लेख मराठीच्या बाईंकडे जाई, पेन्सिलीच्या खुणांसह परत येई आणि मुलाला तो पुन्हा लिहावा लागे. मग सुंदर अक्षराचा दुसरा विद्यार्थी तो उतरवून काढी. उतरवताना शब्द गळतात, एखादी ओळ दोनदा येते. म्हणून मूळ लेखकाने ताडून पाहिल्याशिवाय पान बांधणीला जात नसे. छापखान्यातले मुद्रितशोधन याहून वेगळे नाही.

कॉलेजचा अंक छापील असतो, म्हणून त्याच्या अडचणीही वेगळ्या. छपाई 16 पानांच्या फॉर्ममध्ये होते, म्हणजे एका मोठ्या कागदावर 16 पाने एकत्र छापून त्याच्या घड्या घालतात. 96 पानांचे नेमके 6 फॉर्म. मजकूर 100 पानांवर गेला की उरलेल्या 4 पानांसाठी वेगळी प्लेट आणि वेगळा खर्च. तो टाळायला घाईने कात्री लागते, आणि ती बहुधा कथेच्या शेवटावर चालते. याला उपाय एकच: मांडणीला बसण्याआधी शब्द मोजणे. कवितेचे हाल आणखी वाईट. लांब ओळ रकान्यात मावली नाही की तिचा तुकडा खाली उतरतो आणि वाचक त्याला नवी ओळ समजतो. दोन कडव्यांमधली मोकळी जागा पानाच्या तळाशी आली तर दोन कडवी एक होऊन जातात. कवीला स्वतःला पानाचे प्रूफ दाखवणे म्हणूनच टाळता येत नाही. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना तर ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ होते, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. हे स्पेलचेकवर सोडता येत नाही. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवायचे. दुरुस्ती झाली की तेवढा शब्द पाहून थांबू नये, परिच्छेद शेवटपर्यंत वाचावा; एक शब्द वाढला की खालच्या सगळ्या ओळी सरकतात.

अंक मार्चच्या आत छापून व्हावा. जूननंतर आपल्याकडे कागद दमट होतो, कडा लहरतात, मशीनमध्ये दोन कागद एकदम ओढले जातात आणि शाई वेळेत न वाळल्याने समोरच्या पानावर ठसा उमटतो.

लेखकाच्या यशाकडे पाहताना मला चिं. त्र्यं. खानोलकर आठवतात, आपल्याच तालुक्यातले. ‘आरती प्रभू’ या नावाने ‘सत्यकथा’ मासिकात त्यांची कविता 1954 साली आली, ‘जोगवा’ हा संग्रह 1959 साली. साहित्य अकादमीचा सन्मान ‘नक्षत्रांचे देणे’ला 1978 साली मिळाला, तेव्हा कवी हयात नव्हते. मालगुंडच्या केशवसुतांचा तर हयातीत एकही संग्रह निघाला नाही. त्यांना वाचक मिळाले ते नियतकालिकांतूनच. पुस्तक मागून येते, पहिला वाचक अंकात भेटतो. ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाचे लेखन सुचवण्यांसह परत पाठवत. नुसत्या ‘साभार परत’पेक्षा त्या पत्रांनी अधिक लेखक घडवले असे मी मानतो.

आताच्या मुलांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कॉलेजच्या अंकात छापलेली कथा बहुतेक स्पर्धांच्या आणि मासिकांच्या लेखी ‘पूर्वप्रसिद्ध’ ठरते. बाहेर पाठवायची असेल ती कथा आधी बाजूला ठेवा. दिवाळी अंकासाठीचे लेखन जून-जुलैतच पोचवा. गणपतीनंतर पाठवलेल्याला सहसा जागा उरत नाही. एकच कथा एकाच वेळी दोघा संपादकांना देऊ नका, दोघांनीही स्वीकारली तर दोन्ही दारे बंद होतात. कविता तीन ते पाच पुरेत. पुस्तक निघेल तेव्हा पहिल्या प्रसिद्धीचा उल्लेख करा आणि त्यात कॉलेजच्या अंकाचे नाव, वर्ष आणि पान लिहा.

शाळेकडून एक अपेक्षा आहे. हस्तलिखितात लिहिलेल्यांची नोंदवही सुरू व्हावी: नाव, इयत्ता, लेखाचे शीर्षक, वर्ष, आणि पुढे कुठे काय छापून आले. जुने अंक 300 डीपीआयवर (इंचाला 300 ठिपके) स्कॅन करावेत, शिवण न उसवता, आणि मूळ प्रती भिंतीपासून वीतभर दूर, लोखंडी कपाटात ठेवाव्यात. वाळवी बहुधा भिंतीतून येते. या कामाचे दोन शनिवार मी आणि आमच्या बॅचची मंडळी देऊ. स्कॅनर आम्ही आणतो, अंकांची यादी तेवढी ग्रंथपालांनी तयार ठेवावी.